मोडकं नाही, खिळखिळं

मृणाल,

तुझी भाषांतराची पानं वाचली. ओघ छान आहे. पण जिना कमकुवत, पुरावा कमकुवत आणि आजोबाही कमकुवत? मूळ लेखिकेने तीन ठिकाणी तीन शब्द योजलेत आणि तू सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंस.

जिन्यासाठी मूळ इंग्रजीत 'रिकेटी' आहे. हा शब्द 'रिकेट्स'वरून आला. रिकेट्स म्हणजे आपला मुडदूस. ड जीवनसत्त्व कमी पडलं की वाढत्या मुलाच्या हाडांत कॅल्शियम नीट बसत नाही, हाडं मऊ राहतात आणि मूल चालायला लागलं की अंगाच्याच भाराने पाय वाकतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये या दुखण्याची फार चर्चा होती. डॅनियल व्हिसलरने १६४५ साली लायडनला त्यावर प्रबंध लिहिला, १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसनचा मोठा ग्रंथ आला. पुढे पोरांच्या पायांचा हा शब्द खुर्च्या-शिड्यांच्या पायांनाही लागला.

हे सांगायचं कारण, त्या पोरासारखीच रिकेटी वस्तू अजून उभी असते. मोडलेली नसते, पण भार पडला की तिचा भरवसा नाही. गिरगावातल्या जुन्या चाळीचा लाकडी जिना आठव. पायरीवर पाय ठेवला की कठडा हलतो, खालच्या पायरीतून करकर ऐकू येते, आणि तरी माणसं त्यावरूनच पाण्याच्या बादल्या नेतात. तो खिळखिळा जिना. स्टूल असेल तर डुगडुगणारं म्हण, आघाडीचं सरकार असेल तर डळमळीत.

पुराव्याला मात्र 'फ्लिम्झी' होतं. त्यात सांधे ढिले नसतात, मालच पातळ असतो. म्हणून तकलादू पुरावा. हाच शब्द सबबीला लागला तर लंगडी सबब. आजोबा 'फ्रेल' आहेत, त्यांची प्रकृती तोळामासा झाली आहे. म्हाताऱ्या माणसालाही इंग्रजीत कधी रिकेटी म्हणतात, पण तिथे रोख लटपटणाऱ्या पायांवर असतो आणि थोडी थट्टाही असते. तुझ्या गोष्टीतल्या आजोबांची कुणी थट्टा करत नाहीये.

शब्दकोश उघडण्याआधी त्या वस्तूवर मनातल्या मनात हात ठेवून बघत जा, काय हलतंय ते. कोश नंतर. त्यात पाच प्रतिशब्द ओळीने दिलेले असतात आणि घाईत पहिलाच उचलला जातो.

मुडदूस मात्र भाषांतरात आणू नकोस. आजच्या इंग्रजी वाचकालाही तो आठवत नाही.

उरलेली पानं दिवाळीआधी पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका