काचरूप बर्फ आणि केळीच्या वाणांचे जतन

गहू, ज्वारी किंवा तुरीचे बियाणे योग्य प्रमाणात वाळवून उणे १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात दीर्घकाळ जतन करता येते. खाण्याच्या केळीला मात्र बी नसते. आंबा व फणसाचे बी वाळवल्यास मरते. शेतात जपलेल्या केळीच्या संग्रहावर कंद पोखरणारा सोंड्या भुंगा आणि माव्यामार्फत पसरणारा पर्णगुच्छ विषाणू यांचे सावट कायम असते. म्हणूनच नवी दिल्लीतील पुसा परिसरातील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो येथे केळीचे सूक्ष्म शेंडे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जतन केले जातात.

स्फटिक घातक का?

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि स्फटिक पेशीपटल फाडतात. यावर उपाय म्हणून ग्लिसरॉल, साखर आदींच्या तीव्र द्रावणात पेशींतील पाणी कमी करून शेंडे अतिशीघ्र थंड करतात. उरलेले पाणी स्फटिक न बनता काचेसारखे घट्ट होते. पुन्हा उष्णता देतानाही घाई आवश्यक असते. विलंब झाल्यास त्या टप्प्यावर स्फटिक तयार होतात.

दाब आणि संगणक

१९८४ मध्ये मिशिमा, कॅल्व्हर्ट व व्हॅली यांनी उणे १९६ अंशांवर साध्या बर्फावर सुमारे १० हजार वातावरणांइतका दाब दिला. स्फटिकरचना कोसळून अस्फटिक बर्फ मिळाला. दाब काढल्यावरही त्याची घनता १.१७ होती, विरळ अस्फटिक बर्फाची घनता ०.९४ असते. रेणूंची ही मांडणी समजून घेण्यासाठी संगणकीय प्रतिरूपण उपयोगी पडते. त्यात प्रत्येक रेणूवरील बल मोजून त्याची हालचाल क्षणोक्षणी काढली जाते. विरळ रूपात प्रत्येक रेणूभोवती हायड्रोजन बंधांनी जोडलेले चार शेजारी असतात; दाबाखाली बंध न जुळलेला आणखी एखादा रेणू मधल्या पोकळीत शिरतो. मात्र संगणकातील दाब प्रयोगशाळेपेक्षा फार वेगाने वाढवावा लागतो आणि पेशीतील पाणी शुद्धही नसते. त्यामुळे हे निष्कर्ष दिशा दाखवतात. द्रावणाचे प्रमाण प्रत्यक्ष प्रयोगानेच ठरवावे लागते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

आंबा व फणसाचे बी वाळवून किंवा शीतकपाटात साठवू नये, ताजेच पेरावे. केळीचा दुर्मीळ स्थानिक वाण आढळल्यास त्याचे नाव, गाव व वैशिष्ट्ये नोंदवावीत आणि निरोगी मुनव्यांसाठी कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. कुठेही जतन न होता शेतातून नाहीसा झालेला वाण कोणतेही तंत्रज्ञान परत आणू शकत नाही.