कोपीवरच्या भेटी

श्रीगोंदा तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी झाली. त्यातून जे पक्कं पटलं, ते लिहिते.

१. कार्यक्रम अनेक, घर एकच. गरोदर सून, डोस चुकलेलं बाळ, बीपीची गोळी सोडलेली सासू आणि दोन आठवडे खोकणारा मुलगा एकाच छपराखाली असतात. वरून मात्र प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं येतं. एका भेटीत चौघांकडे बघता आलं, तरच त्या सेवेला एकात्मिक म्हणावं.

२. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा देशभरचा हिशोब आहे. ती लोकसंख्या जनगणनेतली. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, त्या हिशोबात कुठेच नसतात. सकाळी गेलं तर कोपीवर म्हातारी नि लहान पोरं. आई फडात. "बाई, खाडा केला तर मुकादम उचलीतून कापतो," असं एकीनं सांगितलं, तेव्हापासून मी दिवस मावळताना जायचे. तिच्या लेकीचं लसीकरण कार्ड गावाकडे पेटीत राहिलेलं. डाव्या दंडावर बीसीजीचा वण दिसला, पण त्यावरून पुढचे डोस कळत नाहीत. मग तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी रजिस्टर उघडून तारखा वाचून दाखवल्या. माझ्या लेखी राष्ट्रीय नियोजनानं आधी हा फोन पक्का करावा. आज तो ओळखीवर चालतो.

३. कर्जतच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. प्राथमिक आरोग्य सेवेचा अल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतरचा, १९७८ चा. अक्षरओळख नसलेल्या बायाही तिथे गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यामुळे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या, तेव्हा आमच्या जिल्ह्याला ती कल्पना परकी नव्हती. पण आशाताईंच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो. रडणाऱ्या बाळंतिणीजवळ तासभर बसायला दर नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

४. जुलाबाची साथ आली की आधी विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली का ते बघावं, ओआरएस वाटत असतानाच.

५. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, बीपी-शुगर गावातच तपासता येऊ लागली. चांगलंच झालं. मात्र "गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या" असं दोनदा ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. आणि टोळी परतायच्या आधी प्रत्येक बीपीवाल्याच्या हातात पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणि त्याच्या गावच्या उपकेंद्राचं नाव लिहिलेली चिठ्ठी असायलाच हवी.