भिंत कोणाची?

रस्त्यावरच्या भिंतीवर काढलेले प्रत्येक चित्र लोकांचे म्हणता येईल काय? या प्रश्नाचा विचार करताना मला शिकागोच्या दक्षिण भागातील ‘सन्मानाची भिंत’ आठवते.

१९६७ साली ४३ वा रस्ता व लँगली अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जुनाट इमारतीवर ‘ओबासी’ या संस्थेच्या कृष्णवर्णीय कलावंतांनी आपले नायक रंगविले. माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन, ड्यू बॉइस असे चेहरे वस्तीतील माणसे येता-जाता पाहू लागली. संग्रहालयाची पायरी चढण्याचे कारण उरले नाही.

परंतु त्याच वर्षी विल्यम वॉकर यांच्या पुढाकाराने भिंतीचा एक भाग पुसून पुन्हा रंगविण्यात आला आणि सहकाऱ्यांतच तेढ आली. मला हा प्रसंग सर्वांत बोधप्रद वाटतो. चित्र समूहाचे म्हटले की चित्रकाराच्या सहीला अर्थ काय, हा प्रश्न तेथे उघडा पडला. त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही.

१९७१ मध्ये इमारतीला आग लागली व पुढे ती पाडण्यात आली. तोवर अमेरिकेतील इतर शहरांच्या वस्त्यांतही भिंती बोलू लागल्या होत्या. भिंत पडली, प्रघात मात्र टिकला.