ऑपरेशनआधी हे डॉक्टरांना सांगा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते, आणि त्याआधी सोबतच्या मंडळींना बाहेर बसायला सांगते. ‘एकदा खायला लागल्यावर थांबताच येत नाही, असं होतं का कधी?’ घरचे समोर असले की उत्तर ठरलेलं असतं: ‘छे हो, तसं खाणं कमीच आहे.’ दार लागल्यावर वेगळंच कळतं. दिवसभर ग्रीन टी आणि अर्धी भाकरी. रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभ्या उभ्या उरलेला भात, मग दूध-साखर, मग बिस्किटांचा अख्खा पुडा, त्यावर शेव. डब्याचा आवाज होऊ नये म्हणून झाकण हळूच लावायचं, पुड्याचा कागद कचऱ्याच्या अगदी तळाशी सारायचा. पोट दुखेपर्यंत खायचं आणि मग स्वतःचीच किळस येत पडून राहायचं.

हा बिंज इटिंग डिसऑर्डर नावाचा आजार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचं वर्णन १९५९ मध्येच केलं होतं. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजाराचं स्थान मिळायला मात्र २०१३ उजाडलं. लग्नात जिलब्या जरा जास्त झाल्या, तर त्याला हे नाव लावू नका. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, त्या वेळी ताबा पूर्ण सुटल्यासारखं वाटणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने होत राहणं, ही त्याची खूण. भूक नसताना, भराभरा, कुणी पाहू नये म्हणून एकट्यानं खाणं हेही त्यातलंच. खाल्ल्यावर कुणी मुद्दाम उलटी काढत असेल किंवा जुलाबाची औषधं घेत असेल, तर तो आजार निराळा. तो आधी आटोक्यात आणावा लागतो, ऑपरेशनचा विषय नंतर.

लठ्ठ माणूस दिसला की ‘जिभेवर ताबा नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. अतिशय लठ्ठ असलेल्या अनेकांना हा आजार नसतो आणि सडपातळ माणसांनाही तो होतो. पण हे ऐकायला नातेवाइकांना वेळ नसतो.

लोक हे लपवतात, कारण ‘सांगितलं तर ऑपरेशन नाकारतील’ अशी भीती असते. ती बहुतांशी अनाठायी आहे. केवळ बिंज इटिंग आहे म्हणून सहसा कुणी कायमचा नकार देत नाही. फार तर आधी काही महिने उपचार घ्यायला सांगतात. मुळात ऑपरेशनपूर्वी हा त्रास होता म्हणून वजन कमी उतरतं, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. ऑपरेशननंतर ताबा पुन्हा सुटू लागला, तर मात्र वजनावर परिणाम दिसतो. म्हणजे खरी काळजी आहे ती पुढच्या वर्षांची, आणि तिथेच रुग्ण गाफील राहतात.

असं का होतं ते पाहा. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तो भागही त्यात जातो. जठराच्या बायपास ऑपरेशनमध्ये जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते. पहिलं वर्ष त्यामुळे सुखाचं जातं. भूक नाही, चार घासांत पोट भरतं, कपडे सैल होतात, आजार गेलाच असं वाटतं. दीड-दोन वर्षांच्या सुमारास तो वेष बदलून परततो. एका बैठकीत पूर्वीइतकं खाणं शक्यच नसतं, म्हणून दुपारभर दर पंधरा-वीस मिनिटांनी डब्याकडे हात जातो. पोळी अडकते, मटण अडकतं; श्रीखंड, आइस्क्रीम आणि चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र अलगद उतरतं. प्रमाण लहान असल्यामुळे हे ‘बिंज’च्या व्याख्येत बसत नाही. थांबता न येण्याची ती जुनी जाणीव मात्र तीच असते. डॉक्टरांना सांगायचं ते हेच.

बायपासनंतर गोड खाल्लं की धडधड, घाम, चक्कर असा डम्पिंगचा त्रास होतो, म्हणून ‘आपोआप गोड सुटेल’ असं काही जण धरून चालतात. त्या भरवशावर राहू नका. मावेल त्यापेक्षा जास्त खाऊन वारंवार उलट्या होत असतील, तर तेही अंगावर काढू नका. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ झपाट्यानं घटतं. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि दारू. बायपासनंतर ती रक्तात लवकर चढते आणि काहींमध्ये पुढच्या काही वर्षांत व्यसनाकडे वळते. खाण्यावर तोललेलं मन दुसरा आधार शोधतं की काय, असं मला अनेकदा वाटतं.

उपचार आहेत. विचार आणि वर्तन बदलण्याची सीबीटी पद्धत यावर चांगली लागू पडते. तिची पहिली पायरी ऐकून लोक चकित होतात: ठरलेल्या वेळी पुरेसं जेवा. दिवसभर पोट मारलं की रात्री ताबा सुटतो, म्हणून वजन उतरवण्यासाठी सोमवार, गुरुवार, एकादशी असे उपास वाढवत नेणं या रुग्णांना हमखास भोवतं. दुसरी पायरी म्हणजे एक साधी वही. कॅलरी लिहू नका; किती वाजले होते, घरात कोण होतं, त्याआधी काय घडलं होतं ते लिहा. बऱ्याचदा पानोपानी एकच फोन किंवा एकच भांडण सापडतं.

घरच्यांनी फ्रिजला कुलूप लावू नये. त्यानं लपवाछपवी वाढते, खाणं घटत नाही.

ऑपरेशन कुणाला, याचे आकडे बदलले आहेत. १९९१ पासून बीएमआय ४०, किंवा गंभीर आजार असल्यास ३५, ही मर्यादा जगभर चालत आली होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी ती ३५ वर आणली आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली सुचवली. आपल्याकडच्या विमा पॉलिसींत मात्र सहसा जुनेच आकडे असतात. कागद आधी वाचा. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. त्यांनी भूक कमी होते, पण बिंज इटिंगवरचं मान्यताप्राप्त औषध म्हणून त्यांच्याकडे पाहू नका.

ऑपरेशन होऊन गेलंय, वजन पुन्हा चढतंय आणि लाजेनं तुम्ही फॉलोअप टाळताय, असं असेल तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. प्रत्यक्ष बोलणं जड जात असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.