निजलेलें ॲप जागें करण्याविषयीं

ॲप उघडावें आणि पडदा मिनिटभर कोराच राहावा, हा अनुभव विनामूल्य क्लाउड होस्टिंग वापरणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस नेहमींचाच आहे. तेवढ्यांत पाहुणा निघून जातो! दोष बहुधा रचनेचा नसतो. 'रेंडर' या सेवेवर १५ मिनिटें कोणाचीच विनंती न आल्यास ॲप बंद करितात. पुढील विनंतीसरशीं तें पुन्हां सुरू होण्यास सुमारें एक मिनिट लागतें. हेरोकूवर ही मुदत ३० मिनिटांची असे. तेथील विनामूल्य सोय नोव्हेंबर २०२२ मध्यें संपली.

दर दहा मिनिटांनीं बाहेरून हांक मारवून ॲप जागें ठेवितां येतें. पण हिशेब पाहावा. रेंडरवर महिन्यास ७५० तास फुकट मिळतात, आणि ३१ दिवसांचे तास होतात ७४४. एक ॲप अहोरात्र जागें राहील. दोन ठेवूं म्हटल्यास सोळाव्या दिवशीं दोन्हीं बंद!

म्हणून आम्हांस दुसरी वाट बरी वाटते. दर्शनी पान स्थिर फायलींचें, निराळें ठेवावें. तें निजत नाहीं. तें उघडतांच त्यानें ॲपला हांक मारावी, व पाहुण्यास "मिनिटभर थांबावें" असें नम्रपणें कळवावें. मात्र ॲप निजतांना त्यानें स्वतःच्या फायलींत लिहिलेलें सर्व पुसलें जातें. गुणपत्रकें व नोंदी निराळ्या डेटाबेसांतच ठेवाव्या.