तुटक आंतरजाल : दोष कसा शोधावा?

घरातील दिवा विझला, तर आपण प्रथम शेजारच्या घरात उजेड आहे की नाही ते पाहतो. तेथेही अंधार असेल, तर दोष बाहेरच्या तारेत असण्याचा संभव अधिक. तेथे उजेड असेल, तर तो आपल्याच घरात शोधावा लागतो. मग आपण दुसऱ्या खोलीतील बटन दाबून पाहतो आणि अखेरीस दिवा बदलतो. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की, आपण एक शास्त्रीय पद्धती वापरीत आहोत हे ध्यानातही येत नाही.

संगणकावरील आंतरजाल मधूनमधून तुटू लागले की मात्र हाच क्रम आपण विसरतो. कोणी नवा राउटर विकत आणतो, तर कोणी अधिक वेगाची व अधिक महाग योजना घेतो, आणि तरीही दोष कायम राहतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तर अशा जोडणीमुळे विद्यार्थ्याचे वर्षभराचे साहाय्य हुकू शकते. पूर्ण बंद पडलेली जोडणी दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते, कारण तपासनीस येईल तेव्हा दोष जागेवरच सापडतो. तुटक जोडणी मात्र नेमकी त्याच वेळी सुरळीत चालते. म्हणून तिचा शोध घरच्या माणसांनीच घ्यावयास हवा.

साखळीचे दुवे

संगणक आणि दूरचे आंतरजाल यांच्यामध्ये एक साखळी असते. पहिला दुवा संगणक आणि राउटर यांमधील. तो तारेचा असतो किंवा वाय-फायच्या रेडिओलहरींचा. दुसरा दुवा राउटरपासून सेवा देणाऱ्या संस्थेच्या केंद्रापर्यंतचा. हा काचतंतूचा किंवा तांब्याच्या तारेचा असतो. तिसरा दुवा केंद्रापासून पुढच्या जगापर्यंतचा. याखेरीज एक नामसेवा लागते. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, यंत्रांना मात्र अंकांचा पत्ता हवा असतो. नावावरून पत्ता सांगणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

या साखळीतून माहिती सलग वाहत नाही. तिचे लहान लहान तुकडे करून ते एकामागून एक पाठविले जातात. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. एखादे पॅकेट वाटेत हरवले, तर ते पुन्हा पाठविले जाते. शिवाय, पाठविणारे यंत्र बहुधा असे समजते की, पॅकेट हरवले त्या अर्थी मार्गावर गर्दी झाली आहे, आणि ते आपला वेग उतरविते. त्यामुळे शंभरांतील दोनचार पॅकेटे हरवली, तरी पान उघडण्यास फार विलंब लागतो. ‘वेग कमी आहे’ अशी तक्रार असते, तेव्हा खरा दोष पुष्कळदा गळतीचा असतो.

हाकेची परीक्षा

गळती मोजण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी सोडलेल्या ध्वनीवरून हे नाव पडले. संगणक एक हाक देतो, पलीकडचे यंत्र ओ देते, आणि मध्ये किती वेळ गेला हे पडद्यावर दिसते.

विंडोज प्रणालीत ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून रोमन लिपीत पी, आय, एन, जी ही अक्षरे व पुढे पत्ता लिहावा. एरवी चारच हाका दिल्या जातात. तुटक दोषासाठी त्या अपुऱ्या होत. पत्त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ, तिला लागून एन हे अक्षर, पुन्हा जागा सोडून १०० हा आकडा लिहिला, म्हणजे शंभर हाका जातात.

प्रथम राउटरला हाक द्यावी. त्याचा पत्ता पुष्कळ घरांत १९२.१६८.१.१ असा असतो. नंतर दूरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ या गूगलच्या नामसेवेला, हाक द्यावी. निष्कर्ष असे निघतात :

१. राउटरकडूनच उत्तरे गळत असतील, तर दोष घरात, पहिल्या दुव्यात आहे.

२. राउटर अचूक ओ देतो, परंतु दूरची उत्तरे गळतात, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. काही यंत्रे हाकेला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच दूरच्या पत्त्यावर विसंबू नये.

३. अंकांचा पत्ता ओ देतो, परंतु नावाने कोणतेच पान उघडत नाही, तर नामसेवा बिघडली आहे.

वेळेचे प्रमाणही समजून घ्यावे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते दिल्ली हे सरळ अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. तेव्हा जाऊन येण्यास निदान ११ ते १२ मिलिसेकंद लागणारच. काही दशक मिलिसेकंद हे स्वाभाविक होय. तोच आकडा एकाएकी कित्येक शेकड्यांवर गेला, तर कोठे तरी पॅकेटांची रांग लागली आहे. घरातील एखादा मोबाइल शेकडो छायाचित्रे दूरच्या साठ्यात पाठवीत असला, तरी असे होते.

घरातील दोष

पहिला दुवा संशयास्पद वाटल्यास संगणक तारेने राउटरला जोडून तीच परीक्षा पुन्हा करावी. गळती थांबली, तर दोष वाय-फायच्या लहरींचा आहे. या लहरींचा एक पट्टा २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्‌झ असा आहे, आणि मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे २,४५० मेगाहर्ट्‌झवर चालते. साहजिकच भट्टी चालू असताना जोडणी डळमळते. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटरही याच पट्ट्यात बोलत असतात. त्यातील १, ६ व ११ हे मार्ग एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतील कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा असतो, परंतु त्याच्या लहरी भिंतीतून कमी पार होतात. पोलादी कपाट, आरसा व लोखंडी सळ्यांची भिंत या लहरी अडवितात. राउटर कपाटामागे न ठेवता उंच व मोकळ्या जागी ठेवावा. महागडी योजना घेतल्याने भिंतीचा अडथळा दूर होत नाही.

वीज क्षणभर जाऊन आली, तरी राउटर पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे घेतो. जोडणी तुटण्याची वेळ व दिवे लुकलुकण्याची वेळ एकच आहे काय, हे पाहावे.

घराबाहेरील दोष

काचतंतूच्या यंत्रावर ‘एल. ओ. एस.’ नावाचा तांबडा दिवा लागला, तर बाहेरून येणारा प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तंतूला तीव्र बाक बसला असल्यास तेवढा सैल करावा. तंतूच्या टोकात मात्र कधीही डोकावू नये. त्यातील प्रकाश साधारणतः १,४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु इजा करू शकतो. तांब्याच्या तारेच्या सांध्यात पावसाचे पाणी शिरले, तर जोडणी पावसाळ्यातच बिघडते. फक्त सायंकाळी येणारी मंदता बहुधा गर्दीची असते.

नोंदवही

यासाठी आठवडाभर एक वही ठेवावी. तारीख, वेळ, हवामान, वीज, तारेने की वाय-फायने, आणि शंभरांपैकी किती उत्तरे गळाली, एवढे रकाने पुरेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, जागा व मार्ग एकदम बदलले, तर कशाने गुण आला हे कळणार नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार तक्रार नोंदविल्यावर ग्राहकाला डॉकेट क्रमांक मिळावयास हवा. निवारण न झाल्यास सेवासंस्थेच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तेथे ‘नेट चालत नाही’ हे वाक्य दुबळे ठरते. ‘तारेने जोडलेल्या संगणकावरून राउटरची शंभर उत्तरे आली, बाहेरची एकोणीस गळाली, वेळ रात्री नऊ, सलग पाच दिवस’ हे विधान टाळता येत नाही. निरीक्षण, विभाजन आणि नोंद ही प्रयोगशाळेची तीन साधने सामान्य नागरिकाच्याही उपयोगाची आहेत, ती अशी.

विचार करा

१. वाय-फायवर गळती आहे, तारेवर नाही. नवी योजना घेणे इष्ट आहे काय? का?

२. राउटर व दूरचा पत्ता दोन्ही ओ देतात, पण एकच संकेतस्थळ उघडत नाही. दोष कोणाचा असू शकेल?

३. आपल्या शाळेतील किंवा वाचनालयातील संगणकावर सकाळी व सायंकाळी शंभर-शंभर हाका देऊन फरक नोंदवा.