शब्दाला जागणारा वीर

इ. स. ११५२ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये गादीसाठी यादवी माजली होती. राजा स्टीफन याने न्यूबरीच्या किल्ल्यास वेढा घातला. किल्ल्याचा धनी जॉन मार्शल याने मुदत मागितली आणि वचनाची हमी म्हणून आपला पाच-सहा वर्षांचा मुलगा विल्यम ओलीस दिला. परंतु मुदत मिळताच त्याने किल्ल्यात धान्य व सैनिक भरले आणि वचन मोडले. मुलाला फाशी देण्याची धमकी राजाने दिली. तेव्हा, याहून चांगले पुत्र घडविणारी ऐरण व हातोडा माझ्यापाशी आहेत, असे त्या निष्ठुर पित्याने कळविले!

विल्यमला फाशी देण्यासाठी नेऊ लागले. त्या अजाण बालकाने वाटेत एका सरदाराच्या हातातील भाला पाहिला आणि तो खेळावयास मागितला. ते निष्पाप बोल ऐकून राजाचे हृदय द्रवले. त्याने मुलाला उचलून घेतले आणि जीवदान दिले. विल्यमच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत रचलेल्या त्याच्या पद्य चरित्रात ही हकीकत आली आहे.

विल्यम धाकटा मुलगा. वडिलांच्या जहागिरीत त्याला वाटा नव्हता. नॉर्मंडीत एका आप्ताच्या पदरी राहून तो शस्त्रविद्या शिकला. त्या काळी योद्ध्यांच्या झुंजीचे सामने होत. पराभूत वीराचा घोडा व चिलखत जेत्याला मिळे. या सामन्यांत विल्यमने धन आणि कीर्ती दोन्ही मिळविली. ११७० साली तो युवराज हेन्रीच्या पदरी राहिला. ११८३ मध्ये युवराज वारला. जेरुसलेमच्या यात्रेचा त्याचा नवस अपुरा राहिला होता. तो फेडण्यासाठी विल्यम स्वतः इतक्या दूरवर गेला.

११८९ साली राजपुत्र रिचर्ड याने पित्याविरुद्ध बंड केले. वृद्ध राजा दुसरा हेन्री माघार घेत असता रिचर्ड त्याचा पाठलाग करू लागला. विल्यम आडवा आला. रिचर्डच्या अंगात चिलखत नव्हते. विल्यमने मनात आणले असते तर त्याचा प्राण घेतला असता. पण त्याने केवळ घोड्याला भाला मारला. थोड्याच दिवसांत रिचर्ड राजा झाला. त्याने विल्यमवर सूड उगविला नाही. उलट अशा एकनिष्ठ माणसाचा गौरव केला.

पुढचा राजा जॉन संशयी होता. त्याने विल्यमचे दोन पुत्र ओलीस ठेवून घेतले. आपले बालपण विल्यमला आठवले नसेल काय? पण त्याने पित्याप्रमाणे वचन मोडले नाही. १२१५ मध्ये सरदारांनी बंड करून राजाकडून 'मॅग्ना कार्टा' ही सनद मिळविली. राजानेही कायद्याची बंधने पाळावीत, हे तिचे सार. त्या वाटाघाटींत विल्यम राजाच्या बाजूने झटला.

१२१६ साली जॉन वारला. वारस हेन्री अवघा नऊ वर्षांचा! खजिना रिता होता. फ्रान्सचा राजपुत्र लुई लंडनमध्ये ठाण मांडून बसला होता. सत्तरीच्या घरातील विल्यमकडे राज्यकारभार आला. सर्वांनी साथ सोडली तरी या बालकाला खांद्यावर घेऊन बेटाबेटांतून हिंडेन, असे त्याने निश्चयाने सांगितले. बाळराजाची मुद्रा तयार नव्हती, म्हणून त्याने स्वतःची मुद्रा उठवून ती सनद पुन्हा जाहीर केली. त्यामुळे अनेक बंडखोरांची मने वळली. २० मे १२१७ रोजी लिंकनच्या लढाईत तो स्वतः अग्रभागी लढला व विजयी झाला. त्याच वर्षी तह होऊन लुई मायदेशी परतला.

१४ मे १२१९ रोजी विल्यमने देह ठेवला. एका राजाच्या दयेने जो बालक वाचला होता, त्यानेच वृद्धपणी दुसऱ्या एका बालकाचे राज्य वाचविले.

स्वाध्याय
१. राजा स्टीफनचे मन का द्रवले?
२. विल्यम जेरुसलेमला का गेला?
३. विल्यम व त्याचा पिता यांच्या वागण्यातील फरक सांगा.
४. वाक्यांत उपयोग करा : हृदय द्रवणे, ठाण मांडणे, शब्दाला जागणे.